करदोड्यातली सीताफळाची बी

माझ्या लहानपणाचा रंग पिवळा होता. असं म्हटलं की लोक हसतात, पण ज्यांनी कुरुंद्यात एखादा फाल्गुन काढलाय ते हसणार नाहीत. शेतात हळद शिजत असायची. मोठ्या कढईवरून वाफ उठायची आणि दुपारभर गावावर पसरून राहायची. अंगणात, ओसरीवर, वाटेच्या कडेला जिकडं बघावं तिकडं हळकुंडं वाळत पडलेली. आमची बोटं पिवळी, नखं पिवळी, दोरीवर वाळत घातलेली धोतरंही पिवळी. त्या वासात डोळे जड व्हायचे, आणि आपण जागे आहोत की झोपेत हे नीट कळायचं नाही. माझा धाकटा भाऊ मला आठवतो तो त्या वाफेतच. उघडाबंब उभा आहे, कमरेला काळा करदोडा आहे, आणि तो काही बोलत नाही.

त्याला ऐकू सगळं यायचं. दूध तापत ठेवलं की उतू जायच्या आधी तो चुलीकडं बघायचा. हसायचा खळखळून, रुसायचाही झकास. पण चौथं वर्ष सरत आलं तरी तोंडातून ‘ऊं’ च्या पलीकडं काही निघत नव्हतं. माय त्याच्या जिभेला मधात उगाळून वेखंड लावायची. पोपटानं उष्टावलेला पेरू दिला की लेकरं बोलतात, असं कुणी सांगितलं म्हणून मी पेरूच्या झाडाखाली मान मोडेपर्यंत बसायचे. पेरू तो आवडीनं खायचा आणि ‘ऊं’ करून दुसरा मागायचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा त्याला गाडीत घालून हिंगोलीला हकिमाकडं घेऊन गेले. हकिमानं जीभ पाहिली, कानामागं चुटकी वाजवून पाहिली आणि म्हणाला, “बच्चा देर से बोलेगा. उसे तकलीफ मत दो.” एवढं ऐकायला बैल दमवले, असं दादांना वाटलं असावं. 

हकिमाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आमच्या हातात तेवढा वेळ नव्हता, कारण आत्यानं नवस बोलला होता.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. दादांची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन डोंगरकड्याला गेली आणि थोड्याच वर्षांत विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. वाट्याला आलेली जमीन एकटीनं कसायची, गडी-माणसांवर ओरडायची, आणि वर्षातून दोनदा आमच्याकडं येऊन आमच्यावर ओरडायची. दादा तिला अक्का म्हणायचे आणि तिच्यापुढं मान वर करायचे नाहीत. माझा भाऊ झाला तोही तिच्याच खटपटीनं. पैनगंगेच्या पलीकडं एक मठ होता, तिथला अंगारा आणून तिनं मायला दिला होता. म्हणून तो मठाचा प्रसाद, असं ती समजायची. लेकरू बोलेना तेव्हा ती परत मठात गेली आणि पायरीवर डोकं टेकून सांगून आली, की पाच वर्षांचा होऊन पाडवा येईतो याला वाचा दे, नाहीतर तुझं आहे ते तुला परत आणून देते.

आता हे ऐकताना कुणालाही वाटेल, की बाईचं काळीज दगडाचं होतं. तसं नव्हतं. देवाशी बोलतानाही ती सालदाराशी बोलावं तसं रोखठोक बोलायची, एवढंच. पण बोललेलं मागं घ्यायची तिची रीत नव्हती. मठातली मंडळी म्हणाली, आणा, अशी लेकरं इथं आहेत, झाडलोट करतात, दोन वेळा जेवतात. दादांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मायनं ऐकलं आणि त्या दिवसापासून ती त्याला बोलतं करायच्या मागं लागली.

करदोड्याचं कसं सुरू झालं ते मला धूसर आठवतं. हळद काढायचे दिवस होते. घरी असला की पोरगं हवं ते उचलून आणायचं. तहान लागली की तांब्या, भूक लागली की भाकरीची दुरडी. शेतात मात्र त्याची पंचाईत व्हायची. तिथं काही हाताशी नसायचं. मग तो आडवा पडून रडायचा, आणि काय हवंय ते सांगता सांगता आमची तोंडं दमायची. पाणी? न्हाई. भाकर? न्हाई. झोप आली? न्हाई. एकदा असाच रडून रडून तो निळा पडला. मायनं शेवटी पाणी प्यायची नारळाची नरोटी त्याच्या हातात दिली, तर तो गप्प झाला. त्याला पाणीच हवं होतं. मघाशी आम्ही विचारलं होतं, पण विचारायच्या गडबडीत त्यानं मान कधी हलवली ते कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मायनं नरोटीचा एक कपचा घेतला, दगडावर घासून त्याच्या कडा मऊ केल्या, तापल्या दाभणानं भोक पाडलं आणि त्याच्या करदोड्याला बांधला. लेकराच्या करदोड्याला दृष्ट लागू नये म्हणून काळा मणी आणि बिब्बा असतोच. त्यांच्या शेजारी नरोटी गेली. तहान लागली की धर हे, असं तिनं त्याला करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बांधावर बसून त्यानं नरोटी बोटात धरली आणि आमच्याकडं पाहिलं. माय कुदळ टाकून धावली. पाणी पिऊन झालं तरी तो नरोटी धरूनच होता आणि हसत होता. मायही हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी तिला विचारलं काहून रडतीस, तर ती म्हणाली, डोळ्यात हळद गेली.

मग करदोडा वाढत गेला. भाकरी थापायच्या काथवटीचा एक ढलपा आला, तो भुकेचा. वाकळेची चिंधी आली, ती झोपेची. बिब्बा होताच, काटा मोडला, सूज आली की माय बिब्बा लावायची, म्हणून बिब्बा म्हणजे दुखतंय. चाबकाच्या वादीचा तुकडा म्हणजे दादा. एक हळकुंड म्हणजे शेत. तांड्यावरच्या बाया हळद काढायला यायच्या. त्यांच्या चोळीवरच्या कवड्यांना हा हात लावत बसायचा. त्यातल्या एकीनं हसून एक कवडी तोडून त्याला दिली. कवडी म्हणजे तांड्यावरची पोरं आणि खेळ. मी मात्र राहिले. मला फार राग आला. चाबकाला जागा आहे आणि मला नाही. मी दोन दिवस मायशी धड बोलले नाही, तेव्हा तिनं माझ्या खेळातला एक सागरगोटा घेतला, त्याला दोऱ्याची जाळी विणली आणि बांधला. मायसाठी काही नव्हतं. ती कायम समोर असायची, तिला बोलवायचं कशाला?

हळूहळू तो दोन-दोन वस्तू एकदम धरायला लागला. वादी आणि हळकुंड, म्हणजे दादा शेतात गेलेत का. सागरगोटा आणि कवडी, म्हणजे ताई, मला खेळायला ने. बिब्बा धरून पोटावर ठेवायचा, बिब्बा धरून कानावर ठेवायचा. एकदा त्यानं बिब्बा आणि वादी एकत्र धरली आणि दादांच्या पायाकडं बोट केलं. दादांच्या टाचेला भेग पडली होती आणि ते लंगडत होते, ते घरात दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.  पण नवस वाचेचा होता. कमरेच्या वस्तू मठात कोण मोजणार, असं ते मायला म्हणाले.

त्या वर्षी दिवाळीला आत्या भाऊबीजेला आली ती टोपलीभर सीताफळं घेऊन. डोंगरकड्याच्या माळावरची सीताफळं म्हणजे साखर. भाऊ तिच्या मांडीवर बसून खायचा, आणि ती एकेक गर सोलून त्याच्या तोंडात घालायची, बी हातात झेलायची. सारखी ओरडणारी बाई त्याला भरवताना हळू आवाजात काहीतरी पुटपुटायची. काय ते मला कधी ऐकू आलं नाही. त्याला आलं असेल. थंडी होती म्हणून त्याला अंगडं घातलेलं, करदोडा काही तिनं पाहिला नाही. दाखवायची मायची छाती झाली नाही. आत्या निघून गेली त्या संध्याकाळी तो अंगणातली एक बी घेऊन आला आणि मायच्या हातात देऊन करदोडा पुढं केला. मायनं दाभण तापवलं. काळीभोर, गुळगुळीत बी, तिच्यावर उजेड पडला की डोळा उघडल्यासारखी दिसायची. दिवस मावळायच्या वेळी तो ओसरीच्या कडेला बसायचा, ती बी धरायचा आणि डोंगरकड्याच्या वाटेकडं बघायचा. मी म्हणायचे, येणार आहे ती, पण तुला न्यायला. त्याला ते कळत नव्हतं, आणि बरंच होतं.

बाकीच्या बिया मायनं एका गाडग्यात भरून कोनाड्यात ठेवल्या. त्या वाटून माझ्या डोक्याला लावायच्या असत, उवांसाठी.

फाल्गुनात आत्या आली. पाडवा तोंडावर आला होता. माय आणि दादा शेतात कढईपाशी होते. मी भावाला सांभाळत घरी होते. आत्यानं पाणी तापवलं आणि आल्या आल्या त्याला न्हाऊ घालायला घेतलं. मठात न्यायचं लेकरू, निदान चांगलं घासून न्यावं, असं तिच्या मनात असेल. तिनं त्याचं अंगडं काढलं आणि तिचा हात जागीच थांबला.

काळा दोरा. त्याला गाठीवर गाठी. हळकुंड, बिब्बा, कवडी, कातड्याचा तुकडा, जुन्या लुगड्याची चिंधी, जाळीत बांधलेलं काहीतरी, काळी बी. आमच्याकडं ज्या बाईनं हे पाहिलं असतं तिला एकच गोष्ट सुचली असती. करणी. कुणीतरी लेकरावर करणी केली आहे, एकेका गाठीत त्याचा एकेक शब्द बांधून टाकलाय. आत्याचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणाले, आत्या, ते मायनं केलंय. तिनं ऐकलं नाही, किंवा मायनं कुणाच्या तरी नादानं केलं असं समजली. तिनं विळीवर दोरा कापला, हातानं न शिवता चिमट्यानं उचलला, फुटक्या टोपल्यात टाकला, वर लिंबू ठेवलं आणि उठली.

अशी वस्तू नदीत सोडायची तर जाताना बोलायचं नसतं. टोपलं उचलल्यापासून ते पाण्यात सोडून पाय धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढला की सगळं उलटतं. म्हणून आत्या पुढं मुकाट चालली होती आणि मी तिच्या मागं पळत होते. आत्या, ती त्याची तहान आहे. आत्या, तो माझा सागरगोटा आहे. आत्या, टाकू नको. मागून भाऊ नागडा, ओला, कमरेवर दोन्ही हात धरून येत होता. तिनं मला हातानं खुणावलं. मला वाटलं लवकर चल म्हणते, म्हणून मी आणखी जवळ गेले. तिनं डोळे मोठे केले, बोटं हलवली, पाय आपटला. परत जा म्हणत होती, हे मला फार उशिरा कळलं. वाटेत शेजारणीनं विचारलं, अक्का, कुठं निघालात? आत्यानं तिच्याकडं पाहिलं, ओठ दाबले आणि तिला काही सांगता येईना. शेजारीण फणकाऱ्यानं घरात गेली.

गावाजवळच्या नदीला गुडघाभर पाणी होतं. आत्यानं टोपलं सोडलं आणि मागं न बघता फिरली. मी बघितलं. टोपलं थोडं गेलं आणि कलंडलं. नरोटीचा कपचा तेवढा तरंगत लांब गेला, बाकी सगळं बुडालं. भाऊ पाण्यात शिरला होता. आत्यानं त्याचं बखोट धरून बाहेर काढलं, पाय धुतले आणि मग तोंड उघडलं. “आता बोलंल,” ती म्हणाली.

माय घरी आली तेव्हा तो चुलीमागच्या कोपऱ्यात बसला होता. काय झालं ते मीच सांगितलं, एका दमात. मला वाटलं आता मोठं भांडण होणार. माय भांडली नाही. डोक्यावरचं ओझं उतरवून ती जमिनीवर बसली.

“अक्का,” ती म्हणाली, “तुमी त्याचं तोंडच नदीत टाकलं.”

आत्यानं तिला मग सगळं विचारलं आणि सगळं ऐकलं. पण तिला ते पटलं नाही. ती गाठ सुटायची वाट बघत होती. सकाळी गुळाचा खडा हातात घेऊन ती त्याच्यासमोर बसायची. बोल माझ्या राजा, गूळ म्हण. तो गुळाकडं बघायचा, मग तिच्याकडं. मग त्याचा हात नकळत कमरेकडं जायचा. तिथं काही नसायचं. बोटं उघड्या कातडीवर चाचपत राहायची आणि तो हात मांडीखाली दाबून बसायचा. आता तो वस्तू उचलून आणायचंही विसरला. तहान लागली तरी बसून राहायचा.  आत्याचा मला इतका राग आला होता, की तिला पाणी देताना मी तांब्या आपटायचे. मायनं नवा करदोडा करायला घेतला, पण तिचे हात चालत नव्हते. पाडव्यानंतर मठात भाऊ तो करदोडा कुणापुढं धरणार होता?

मग एका दुपारी गाव वाफेत बुडालं होतं. आत्या ओसरीवर खांबाला टेकून एकटीच बसली होती. गुळाचा खडा हातात तसाच होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. ती रडत असावी. मी मुद्दाम बघितलं नाही. भाऊ कोपऱ्यातून उठला. पाटावर चढला, कोनाड्यातलं गाडगं काढलं आणि खाली पालथं केलं. बिया भुईवर सांडल्या. त्यातली एक त्यानं निवडली, बराच वेळ निवडत होता, आणि जाऊन आत्याच्या हातावर ठेवली. मग तिची बोटं एकेक करून मिटली.

आत्या म्हणाली, “आता कुठलं रे सीताफळ, लेकरा? दिवाळी सरली.” त्यानं मान हलवली. पुन्हा तिची मूठ दाबली.

मला राग होताच, पण मी गप्प बसू शकले नाही. मी म्हणाले, तो सीताफळ मागत नाही. ते तुझं नाव आहे. तू दिवाळीला गेलीस तेव्हापासून त्याच्या करदोड्यात ते आहे. रोज दिवस मावळताना तुला बोलवायचा. तू ते नदीत टाकलंस.

आत्यानं विचारलं, “मंग आता काय हवंय त्याला?”

त्याला काही नको होतं. तो तिच्या शेजारी खांबाला टेकून बसला आणि पायावर चढलेल्या मुंगीकडं बघायला लागला. आत्या बसूनच राहिली. मूठ तिनं उघडली नाही. मी सांडलेल्या बिया भरत होते आणि भरताना मला उगाच वाटलं, की दुपार थांबली आहे आणि ती सरूच नये.

संध्याकाळी आत्या शेतात आली. दादा कढईतली हळद शिजली का ते काडी टोचून बघत होते. माय पाला ओढत होती. आत्या वाफेतून चालत आली तेव्हा आधी तिचं लुगडं दिसलं आणि मग ती.

“भाऊ, पोरगं बोललं,” ती दादांना म्हणाली.

मायच्या हातातला पाला गळाला. दादांनी विचारलं, “काय बोललं?”

“मला हाक मारली.”

“आवाज आला?”

“न्हाई आला. दिवाळीपासून हाका मारून राहिलंय ते मला, अन् म्या एक डाव ओ दिली न्हाई.” तिनं मूठ उघडून बी दाखवली. “मला आजवर कोणाच्या लेकरानं अशी हाक मारली न्हाई, भाऊ.”

दादांनी काडी कढईच्या काठावर ठेवली. मग ते म्हणाले, मठात हे कोण मानणार? बोललेला नवस राहील, लेकरावर उलटेल. त्यांचं म्हणणं आत्याला नवं नव्हतं. ती तिकडूनच विचार करून आली होती. नवस तिनं बोलला होता, फेडायचा तिनंच. घरातलं माणूस मठाला द्यायचं, तर तीही घरातलीच होती. डोंगरकड्याला तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. जमीन दीर बघतील. दादा तेव्हा पहिल्यांदा तिच्याशी मोठ्या आवाजात बोलले. ती नुसती ऐकत होती, आणि अंगठ्यानं बी फिरवत होती. शेवटी दादाच रडले. मायनं आत्याच्या पायावर डोकं ठेवलं, तर आत्या तिच्यावर ओरडली, कढई करपेल, उठ.

पाडव्याच्या आधी दोन नवे करदोडे झाले. एक भावाचा. त्यातलं सगळं मायनं पुन्हा बांधलं, बी मात्र आत्यानं स्वतः टोचली, आणि दाभणाचा चटका बसला तरी हात काढला नाही. दुसरा नुसता काळा दोरा आणि त्यात एक बी. तो तिनं गळ्यात घातला. गुढी उभारल्यावर गाडी जुंपली. भाऊ गाडीमागं बराच लांबवर पळत गेला. जाताना आत्यानं दादांना बजावून सांगितलं, की याला मठाकडं कधी आणू नका. तो लहान आहे तोवर देवाच्या नजरेला पडला, तर देवाला आठवण होईल. माझ्याशी ती काही बोलली नाही. केस धरून डोकं मात्र बघितलं, उवा गेल्या का म्हणून.

पुढच्या हळदीच्या सुमारास भाऊ बोलायला लागला. पहिला शब्द काही मोठा नव्हता. बैलाला म्हणाला, “हो.” थांब म्हणतात तसं. बैल थांबला आणि आम्ही सगळे त्या बैलासकट थांबलो. मग शब्द येत गेले, थांबत थांबत, एखादा अडायचा, तो डोळे मिटून वाट बघायचा आणि बाहेर काढायचा. करदोड्यातल्या वस्तू एकेक करून गळाल्या. नरोटी गेली, चिंधी गेली, माझा सागरगोटा जाळी कुजून कुठंतरी पडला, आणि मी तेव्हा रुसले नाही, मोठी झाले होते. बी तेवढी राहिली. दादा वर्षातून एकदा धान्य घेऊन मठात जायचे, आणि परत आल्यावर भाऊ त्यांना विचारायचा, आत्या काय करते? झाडते, दादा म्हणायचे. सगळ्यांवर ओरडते. ते ऐकून तो खूश व्हायचा.

नंतर दिवस वाईट आले. रझाकारांच्या धामधुमीत वाटा बंद पडल्या, पैनगंगेपलीकडं जाणं राहून गेलं. माझं लग्न झालं होतं. अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं आणि त्या दिवाळीला मी भाऊबीजेला माहेरी आले, तेव्हा भाऊ दादांच्या खांद्याइतका झाला होता. मिसरूड फुटायला लागलं होतं, आवाज घोगरा झाला होता. दादा म्हणाले, आता याला न्यायला हरकत नाही. इतका बदललाय, की देवही ओळखणार नाही.

पैनगंगा ओलांडून आम्ही मठात पोचलो तेव्हा दुपार होती. अंगणात चिंचेखाली एक म्हातारी पाल्याचा ढीग करत होती, हातानं चाचपून. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दादांचा आवाज ऐकताच ती ओरडली, इतके दिस कुठं मेला व्हतास? मला तिनं हात लावून ओळखलं, केसांवरून. मग तिला कळलं की आणखी कुणीतरी उभं आहे. हा कोन हाय, तिनं विचारलं. आवाज करंना काहून?

त्याचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. दादा सांगायला पुढं झाले, पण भावानं त्यांना हातानं थांबवलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. कमरेच्या करदोड्याची गाठ सोडली, त्यातली बी ओढून काढली आणि आत्याच्या हातावर ठेवली. मग तिची बोटं एकेक करून मिटली.

तिनं मुठीतली बी अंगठ्यानं फिरवली. दुसरा हात गळ्यातल्या दोऱ्याकडं गेला आणि तिथली बी चाचपून परत आला. चिंचेचा पाला आमच्या अंगावर पडत होता. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, मान वर केली, आणि डोंगरकड्याहून इतकी वर्षं चालत आल्यासारखी दमून म्हणाली, “ओ.”